अदबीचे अंतर

मनुष्याची आणि व्हेल शार्कची शास्त्रीय ओळख झाली ती भाल्याच्या टोकाशी. सन १८२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टेबल बेच्या पाण्यात साडेचार मीटरांच्या आसपास लांबीचा, ठिपकेदार पाठीचा एक अनोळखी मासा भाल्याने मारण्यात आला. ब्रिटिश सैन्यातील शल्यवैद्य अँड्र्यू स्मिथ यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला शास्त्रीय नाव दिले, आणि पुढे तो नमुना पॅरिसच्या संग्रहालयात दाखल झाला. ओळखीची ही तऱ्हा मला वारंवार अस्वस्थ करते. कारण ज्याच्या जबड्यात तीन हजारांच्या आसपास दात असूनही चावण्याच्या कामी त्यांतला एकही येत नाही, अशा निरुपद्रवी जीवाला पहिले अभिवादन आपण शस्त्राने केले, आणि त्यानंतरच्या सुमारे दोनशे वर्षांत हाती शस्त्र नसेल तेव्हा गळ, आणि गळ नसेल तेव्हा कॅमेरा, असे काही ना काही उगारूनच आपण त्याच्या वाटेवर उभे राहिलो.

वास्तविक त्याची वाट अत्यंत शांत आहे. बारा मीटर लांबीचा व्हेल शार्क ही काही अपूर्व गोष्ट नव्हे, आणि अठरा मीटरांच्या घरात जाणारेही आढळले आहेत. जगातील सर्व मत्स्यकुळांत त्याहून मोठा मासा नाही. एवढा प्रचंड देह पोसला जातो तो मात्र प्लवकांवर, माशांच्या अंड्यांवर, कोळंबीच्या कुळातील केसाएवढ्या जीवांवर आणि लहानसहान मासळीवर. दीड मीटर रुंदीचे मुख उघडून चालत्या माणसाच्या गतीने तो पाणी आत घेतो, कल्ल्यांपाशी ते गाळतो आणि उरलेले समुद्राला परत करतो. क्वचित अन्नाची दाटी एका जागी सापडली, तर मुख वर आणि पुच्छ खाली असा उभा राहून पाणी ओढीत राहतो. कधी पृष्ठभागावर ऊन घेत असल्यासारखा संथ, तर कधी दीड हजार मीटरांहूनही खोल, जेथे सूर्याचा अंमल चालत नाही अशा काळोखात उतरलेला, असा त्याचा संचार असतो. सन १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या उदरात सुमारे तीनशे पिल्ले निरनिराळ्या अवस्थांत आढळली. परंतु प्रत्यक्ष जन्माचा सोहळा आजवर एकाही मानवी डोळ्याने पाहिलेला नाही. त्याच्या आयुष्याची मोजणीही विलक्षण रीतीने झाली: विसाव्या शतकाच्या मध्यास माणसाने केलेल्या अणुस्फोटांतून जो किरणोत्सारी कर्ब वातावरणात आणि तेथून सागरात मिसळला, त्याची खूण या माशांच्या मणक्यांतील वलयांत उतरली होती, आणि तिच्याच साक्षीने पाकिस्तानच्या किनाऱ्यावरील एका व्हेल शार्कचे वय पन्नास वर्षे ठरले. आपली युद्धखोरी ज्याच्या मणक्यांत नोंदविली गेली, त्याला आपल्याशी काहीही कर्तव्य नव्हते.

आता सौराष्ट्राकडे वळतो, कारण आदर म्हणजे काय, याचा वस्तुपाठ मला तेथेच सापडला. वेरावळ, मांगरोळ, सूत्रापाडा, धामळेज या किनाऱ्यावर व्हेल शार्क पिढ्यान् पिढ्या येत असे, आणि त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडून त्या पाण्यापासून सुरक्षित ठेवण्याचा तेथे जुना दस्तूर होता. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याच्या मांसाला परदेशांतून, विशेषतः तैवानमधून, मागणी आली आणि गरजेपुरत्या शिकारीचे रूपांतर घाऊक कत्तलीत झाले. अजस्र गळांना दोरखंड आणि दोरखंडांना रिकामी पिपे बांधीत, जेणेकरून गळ रुतलेला मासा खोल जाऊ शकू नये, पिपे ओढता ओढताच त्याने दमावे, आणि मग त्याला जिवंतपणीच बंदरापर्यंत ओढत आणावे. माइक पांडे यांनी हे दृश्य आपल्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात चित्रित केले. तो लोकांसमोर आला आणि २८ मे २००१ रोजी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचा समावेश झाला. वाघ आणि हत्ती यांच्या पंक्तीत बसणारा तो भारतातील पहिला मासा होय.

परंतु सरकारी हुकूम किनाऱ्यापर्यंत पोहोचतो, खोल समुद्रातील होडीवर त्याची बजावणी करण्यास शिपाई कोठून आणावा? तेथे दुसरेच काही उपयोगी पडले. सन २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचे वनखाते यांनी संयुक्त मोहीम आरंभिली आणि रामकथाकार मोरारीबापूंनी कोळीबांधवांना समजाविले की, बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारीत नाही. हे सांगणे लोकांच्या काळजाला भिडले. ज्यांनी गळ टाकले होते त्याच हातांनी, मासा जाळ्यात अडकला की, सुरी घेऊन जाळे कापावयास प्रारंभ केला. हे जाळे कापणे काय असते, याची कल्पना शहरात बसून करता येत नाही. ते होडीचे भांडवल असते; कित्येकदा ते कर्जाऊ घेतलेले असते; ते फाटले म्हणजे त्या दिवसाची मासळी गेलीच, आणि पुढील कित्येक दिवसांचीही शाश्वती उरत नाही. सरकारने नुकसानभरपाईची तजवीज केली हे खरे. पण सुरी चालते तो क्षण आधीचा, आणि भरपाईचा कागद नंतरचा. नऊशेंहून अधिक व्हेल शार्क अशा रीतीने गुजरातच्या किनाऱ्यावर मुक्त झाले आहेत. महाराष्ट्रानेही २०१८ साली आपल्या मच्छीमारांसाठी अशाच भरपाईची योजना मंजूर केली, ही आपल्या कोकणपट्टीला भूषणावह गोष्ट आहे.

ज्याने जाळे कापले, त्याला त्या माशाचे दर्शन तेवढेच घडते: पाण्याखाली सरकलेली ठिपक्यांची एक विशाल पाठ, आणि मग पुन्हा सपाट समुद्र. तो त्याला स्पर्श करण्याचा हट्ट धरीत नाही, पुन्हा ये म्हणून आमिष दाखवीत नाही. समुद्रपर्यटनास निघणाऱ्या सुशिक्षित, सुखवस्तू माणसाने नेमके हेच त्याच्याकडून शिकावयाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. पर्यटकाजवळ कापण्यासारखे जाळे नसते. जवळून पाहण्याची, हात लावण्याची आणि आपली छबी माशाच्या शेजारी टिपून घेण्याची जी हाव असते, तिलाच त्याने सुरी लावावयाची असते.

फिलिपीन्समधील ओस्लोब या गावी ही हाव कोणत्या थरास जाते ते दिसते. तेथे रोज सकाळी होड्यांतून व्हेल शार्कना हाताने बारीक कोळंबी भरविली जाते, आणि त्यांच्याभोवती माणसांची झुंबड उडते. गावाची मिळकत वाढली, हे मी नाकारीत नाही. दारिद्र्यातून सुटू पाहणाऱ्या कोळ्याला दोष देण्याचा अधिकारही माझा नाही. परंतु आमिषाला सरावलेला मासा स्थलांतर विसरून तेथेच रेंगाळू लागतो, होडी म्हणजे अन्न असे समजून तिच्याकडे झेपावतो, आणि मग तेथील बहुतेक माशांच्या अंगांवर होड्यांचे व दोरांचे व्रण उमटलेले आढळतात. पाहुण्याच्या नजरेखातर यजमानाचा स्वभाव बदलावा, ही कसली प्रीती?

याउलट पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू प्रवाळभित्तीवर परवान्यावाचून कोणालाही पर्यटक नेता येत नाहीत. मासा दिसला की, त्याच्या भोवतालच्या अडीचशे मीटरांच्या हद्दीत एकच नौका जाते. पाण्यात एका वेळी दहांहून अधिक माणसे उतरत नाहीत. देहापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर अंतर राखावे लागते. वाट अडविण्यास, स्पर्शास आणि प्रकाशाचा झोत टाकण्यास सक्त मज्जाव आहे. मासा खोल जाऊ लागला, तर त्याच्या मागे जाऊ नये. त्याने भेट संपविली, एवढे समजून घ्यावे.

आणि या अंतरावरून काही कमी दिसते असे नाही. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी स्वतंत्र असते; आकाशातील तारकांची छायाचित्रे परस्परांशी जुळविण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी रचलेली गणिती रीत २००५ साली या ठिपक्यांना लावण्यात आली, आणि तेव्हापासून पोहणाऱ्या सामान्य माणसाने दुरून काढलेले, कल्ल्यांच्या मागील बाजूचे एक स्वच्छ छायाचित्रही त्या माशाची ओळख पटविण्यास पुरते. कोणता मासा कोणत्या वर्षी कोठे दिसला, याचे जे दप्तर आज जगभर तयार होत आहे, त्यात असंख्य अनामिक प्रवाशांचा हात आहे. आणि त्यासाठी त्यांना त्या देहावर बोटही टेकवावे लागले नाही.

आपल्याकडचे पुष्कळ लोक हल्ली मालदीवच्या सहलीस जातात, आणि तेथील दक्षिण आरी प्रवाळद्वीपाच्या पाण्यात व्हेल शार्क वर्षभर आढळतो. त्या सहलीचे पैसे भरण्यापूर्वी नाखव्याला किंवा सहलवाल्याला चार गोष्टी अवश्य विचारा: एका माशामागे किती माणसे पाण्यात उतरविता, जवळ गेल्यावर इंजिनाचा वेग किती ठेविता, माशाला खाऊ घालता काय, आणि तो निघून गेला तर त्याच्या मागे नौका नेता काय. उत्तरे सरळ मिळाली नाहीत, तर त्या होडीत पाऊल ठेवू नका.