राख कुणाच्या दारी?

नोकरीनिमित्त मद्रास मुलखात येऊन पडलेल्या आम्हां मराठी मंडळींना गुम्मिडिपूंडी ठाऊक असते ते आंध्रच्या सीमेलगतचे कारखान्यांचे गाव म्हणून. चेन्नईहून तिकडे निघालेली लोकल अत्तिपट्टूच्या आसपास आली की पूर्वेस औष्णिक केंद्रांची धुराडी दिसू लागतात. त्यांतील एकट्या वल्लूर केंद्राची क्षमता 1500 मेगावॉट आहे. एवढी वीज जाते कोठे, हा प्रश्न अलीकडे आम्हांला वारंवार पडतो.

विजेला आता एक नवे गिऱ्हाईक लाभले आहे. समुद्रतळावरून सिंगापूरहून आलेल्या तारा चेन्नईच्या किनाऱ्यास लागतात, आणि त्यांच्या आश्रयाने सिरुसेरी, अंबत्तूर येथे डेटा सेंटर्स उभी राहिली आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जगातील अशा केंद्रांनी 2024 साली सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली; 2030 पर्यंत हा आकडा 945 अब्जांच्या घरात जाईल.

गिरणीला भोंगा होता, सुट्टीचा वार होता. संगणकाला दोन्ही नाहीत. तो अहोरात्र हिशेब करतो, तापतो, आणि त्याला निववण्यासाठी पुन्हा वीजच लागते. तामिळनाडूत पवनचक्क्या जोमाने फिरतात त्या मुख्यतः मे ते सप्टेंबर. सूर्य तर रोजच मावळतो. उरलेल्या वेळची भूक बव्हंशी कोळसाच भागवतो. त्याची राख एन्नोरच्या खाडीत उतरली आणि कोळ्यांची मासळी आटत गेली.

हे वाचून मराठी मनाला मुळशी आठवल्यावाचून राहणार नाही. 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाने मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो मुंबईला वीज पुरवण्यासाठी आपली भातशेती बुडू नये म्हणून. धरण झाले, 1927 साली भिऱ्याची वीज सुरू झाली. मुंबई उजळली, जमिनी मात्र गेल्या त्या गेल्याच.

संगणक नकोत, असे आम्ही म्हणत नाही; त्यांच्याच जोरावर आमची कचेरी चालते. पण निकडीची नसलेली गणिते भर उन्हाच्या वेळी उरकता येतात, दिवसाची वीज रात्रीसाठी साठवता येते. नव्या जोडणीचे अर्ज शेवटी आमच्यासारख्यांच्याच टेबलांवरून पुढे सरकतात. त्यांवर सही करताना 'मेगावॉट किती' याबरोबरच 'राख कुणाच्या दारी' हेही विचारले जावे. मुळशीच्या शेतकऱ्याला ते कुणी विचारले नव्हते. एन्नोरच्या कोळ्याला तरी विचारावे.