गंज

गंज म्हटलं की आम्हा वैदर्भीयांना आधी पातेलं आठवतं, मग लोखंडाचा तांबेरा. पण माझी पुतणी पाच वर्षं पीएच.डी. करते आहे ती या दुसऱ्या गंजावर. मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा, तरी तिच्यापाशी बसून जमेल तेवढं समजून घेतलं.

उन्हाच्या जोरावर पाण्यातला हायड्रोजन सुटा करायचा, एवढंच काम. टोकियोच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडता येतं. हाच पदार्थ भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो. आता पांढरा म्हणजे दिसणारा प्रकाश परत धाडणारा! तो घेतो फक्त अतिनील किरण, आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के.

गंज तांबूस, म्हणून दिसणारा प्रकाशही बराच शोषतो. स्वस्त आहे, अल्कधर्मी पाण्यात टिकतो. पण प्रकाशाने त्यात सुटलेला धनभार काही नॅनोमीटर गेला की संपतो, पाण्यापर्यंत पोचत नाही. थर पातळ केला तर ऊन आरपार, जाड केला तर भार वाटेतच गारद. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रेट्झेल यांच्या गटाने २००६ मध्ये सिलिकॉन मिसळलेला गंज फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वाढवला. एकूण थर जाड, पण तुरे बारीक आणि भोवती पाणीच पाणी. किती साधी युक्ती!

पुतणी काचेवर असेच तुरे वाढवते. वरून कोबाल्टचा किंचित हात, ऑक्सिजन लवकर सुटावा म्हणून. तो जास्त झाला तर प्रकाशच अडतो. बहुतेक काचा वायाच जातात.

जपानमध्ये डोमेन आणि सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम टायटनेट वापरून १०० चौरस मीटरची मांडणी उन्हात कित्येक महिने चालवली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा सर्वांत चांगला आकडा होता ०.७६ टक्के. एवढ्या मोठ्या मंडळींचा हा हिशेब.

आणि आपण मात्र प्रत्येक कार्यात तिला विचारतो, "संपलं का गं तुझं?" तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. पुढे काय, ते तिलाही ठाऊक नाही. मंडळी, मुंजीला भेटली की विचारायचंच असेल तर काच किती तास टिकली ते विचारा. परवापर्यंत चाळीस झाले होते.