रोजची ट्रॅक्स

पौषात भोरला नीरेवरून धुकं वर येतं आणि राजवाड्याच्या भिंतीपर्यंत गावात पसरतं. अशा थंडीत डिझेलचं जुनं इंजिन घाईनं उठत नाही. किल्ली अर्धी फिरवायची, हीटर तापेपर्यंत गप्प बसायचं, मग सेल्फ मारायचा. पहिले ठोके सुटे सुटे पडतात. एखादा सिलिंडर मागे राहतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर अंगणभर होतो, आणि मग कधीतरी चौघांना एकमेकांची लय सापडते. सगळी गाडी त्या लयीत थरथरू लागते. काचा, आरसा, दाराची कडी, सीटखालचा पाना, सगळं. गेली कित्येक वर्षं माझ्या कामाचा दिवस या आवाजानं सुरू होतो आणि मला त्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

गाडी १९९४ची टेम्पो ट्रॅक्स आहे. घर भोरला आणि मी शिकवतो ती शाळा वेल्ह्याकडे, म्हणून ती सणासुदीला पुसून बाहेर काढायची वस्तू नाही. ऊन-पावसात रोज चालते. कोणी कौतुकानं तिला व्हिंटेज म्हणतं. कायद्यानं ती तशी नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते, आणि तशी नोंद झाली की तिला रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मला ते नको. यंत्राचा मान त्याच्या कामात आहे असं मी मानतो, आणि आमच्या तालुक्यात तर हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. भोरहून कापूरहोळकडे निघालं की भाटघरचं धरण लागतं. लॉईड धरण म्हणून ते १९२७ साली पुरं झालं. जवळजवळ शंभर वर्षं होत आली, त्याच्या दगडी भिंतीमागे अजून वेळवंडीचं पाणी अडतं आणि खाली नीरेच्या कालव्यांवर ऊस पिकतो. जुनं आहे म्हणून त्याला कोणी निवृत्त केलं नाही. त्याची देखभाल केली.

ट्रॅक्सचं कूळ मोठं आहे. ऐंशीच्या दशकात आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीनं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझकडून परवाना घेऊन ओएम ६१६ हे इंजिन पुण्यात बनवायला घेतलं. चार सिलिंडर, २,३९९ सीसी. मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत हेच इंजिन होतं, आणि जर्मनीपासून मोरोक्कोपर्यंत कितीतरी शहरांत टॅक्सी म्हणून त्या मोटारी धावल्या. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालली. २००४मध्ये त्यानं ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. प्रवासात तिची इंजिनं बदलत गेली, पण प्रत्येक वेळी ती पुन्हा रस्त्यावर आली. मला या गोष्टीत अंतरापेक्षा त्या माणसाचं मन मोठं वाटतं. एवढ्या वर्षांत किती वेळा त्यानं बॉनेट उघडलं असेल, किती वेळा हात काळे केले असतील.

तेच इंजिन आमच्याकडे वडापला, म्हणजे गावोगावच्या खाजगी प्रवासी वाहतुकीला, लागलं. एसटी जिथे दिवसातून मोजक्या वेळा जायची तिथे ट्रॅक्स आणि कमांडर जीपा जाऊ लागल्या. भुतोंडे, हिरडोशी, पासली, केळद. पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं, मागे समोरासमोर बसलेल्या बायका, पायांत कोंबड्यांची पाटी, टपावर इंद्रायणी तांदळाची पोती आणि एखादी सायकल. लग्नाची वऱ्हाडं याच गाड्यांतून गेली. अवघडलेल्या बाया रात्री-अपरात्री याच गाड्यांतून दवाखान्यात पोचल्या. आज तिशीत असलेल्या कितीतरी माणसांनी जन्माआधी पहिला प्रवास ट्रॅक्समध्ये केला आहे. या खोऱ्यांचा इतिहास लिहिताना गडांची नावं येतील, ती आलीच पाहिजेत. त्याच्या एखाद्या पानावर या गाड्याही याव्यात असं मला मनापासून वाटतं.

माझा रोजचा रस्ता कापूरहोळवरून महामार्गाला लागतो, चेलाडीला डावीकडे वळतो, नसरापूर ओलांडतो. बनेश्वरची झाडी मागे पडली की खरा रस्ता सुरू होतो. आंबवणे, मार्गासनी, विंझर. डाव्या हाताला राजगड दिसू लागतो आणि समोर तोरणा, १,४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड. भाद्रपदात दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं असतं. ट्रॅक्स इथे तिसऱ्या गिअरवर एका संथ गतीत चालते. तिला पळवता येत नाही, आणि पळवायची गरजही वाटत नाही. चढ आला की इंजिनाचा आवाज जाड होतो, पायाखाली भार जाणवतो, आणि गाडी किती ताकद लावते आहे हे आकडा न बघता कळतं. नव्या गाडीत हे ओझं माणसापर्यंत पोचत नाही. ट्रॅक्समध्ये ते तळपायातून वर येतं.

आषाढात याच रस्त्यावर पाणी येतं. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून प्लगच्या वायरी भिजून गाडी बंद पडण्याचा प्रश्न येत नाही. आत हवा दाबली जाते. ओएम ६१६मध्ये ती एकवीसपटीनं आवळली जाते, त्या दाबानंच इतकी तापते की त्यात शिंपडलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डिझेल या अभियंत्यानं जे इंजिन चालवून दाखवलं त्याचं मर्म हेच. अशा जुन्या पंपाच्या इंजिनाला एकदा चालू झाल्यावर बॅटरीची फारशी गरज उरत नाही. बॅटरी बसली तरी गाडी घरंगळवून चालू करता यावी म्हणून आमच्याकडे जुने ड्रायव्हर ती नेहमी उतारावर लावतात. पाण्यातून बाहेर आल्यावर मात्र ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चालावं लागतं, ड्रम सुकेपर्यंत. आणि वरंधा घाटात महाडकडे उतरताना ज्या गिअरवर चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचं. वाघजाईच्या देवळापाशी भजी खाण्यापुरतं थांबलं की इंजिनालाही श्वास मिळतो.

दुरुस्तीबद्दल लिहिताना मला हात आवरता येत नाही, कारण या गाडीनं मला जी माणसं दिली ती तिथेच भेटली.

भोरच्या एका गल्लीत माझे मिस्त्री बसतात. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला गुरुजी. पावसाळ्यात एकदा गाडी झटके घेऊ लागली, चढावर दम टाकू लागली. मी बॉनेट उघडून पाना हातात घेतला तेव्हा अण्णा म्हणाले, “गुरुजी, आधी आवाज ऐका. पाना कुठं पळून जातोय?” त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग एकेका नोझलच्या पाईपचा नट किंचित सैल करत गेले. पहिला सैल केला, इंजिन लंगडलं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. घट्ट केला. दुसरा, तेच. तिसरा सैल केला आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. “हा बसून खातोय,” अण्णा म्हणाले. वैद्य नाडी बघतो तसं हे बघणं. त्यात ना संगणक होता ना दिवा. कान होता, आणि चाळीस वर्षांचा सराव.

नोझल काढला, तपासणीच्या हातपंपावर लावला. चांगला नोझल दाबाला डिझेलचं धुकं करतो, बारीक, सारखं, टोकाला टक्क असा आवाज करत. आमचा नोझल थेंब गाळत होता. पुण्यात पंपवाल्याकडे नवा नोझल बसवून दाब लावून आणला. मग अण्णांनी टाकी उतरवली, कारण त्यांचं म्हणणं, नोझल उगाच मरत नाही. टाकीच्या तळाशी पाणी आणि तांबडा गाळ निघाला. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आतल्या हवेतल्या ओलीचं पाणी होतं, ते डिझेलच्या खाली बसतं आणि पंपाकडे जातं. तेव्हापासून पावसाळ्यात मी टाकी भरलेली ठेवतो.

सगळं जोडलं तरी गाडी लगेच चालू झाली नाही. लाईनमध्ये एअर होती. डिझेलच्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं, आणि त्यावरचा इलाज शिकण्यासारखा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातानं प्रायमर मारत राहायचं. आधी फेस येतो, मग फुटके बुडबुडे, मग फेस आणि डिझेल एकत्र, आणि शेवटी काचेसारखं स्वच्छ डिझेल सलग येतं. तेव्हा स्क्रू आवळायचा. पुढे नोझलच्या नटांपाशी पुन्हा तसंच. हे करताना कोणी बोलत नाही. अण्णांच्या हाताखालचा मुलगा प्रायमर मारतो, अण्णा बुडबुड्यांकडे बघतात, मी सेल्फपाशी बसून खुणेची वाट बघतो. खूण झाली, सेल्फ मारला, आणि चारही सिलिंडर एकदम बोलले. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी वर्गात फळ्यासमोर क्वचित पाहिला आहे.

सुटे भाग मिळतात का, असं मला पहिल्या भेटीत सगळे विचारतात. इंजिनाचे मिळतात. त्याच इंजिनातून कंपनीची पुढची इंजिनं वाढली, म्हणून रिंगा, बेअरिंगं, गॅसकेट, वॉटर बॉडी यांची अडचण येत नाही. अडतं ते काचेच्या रबरावर, दाराच्या मुठीवर, मागच्या दिव्याच्या काचेवर. त्यासाठी नाना पेठेत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जावं लागतं किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात धुळीत बसून ढिगारे उपसावे लागतात. मला ते आवडतं. तिथला विक्रेता भाग हातात घेऊन कोणत्या सालच्या गाडीचा ते नेमकं सांगतो.

धुराची गोष्ट मी टाळणार नाही. जुन्या डिझेलवरचा तो खरा आक्षेप आहे आणि तो घेणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. शाळेतल्या मुलांना घेऊन जाणारा माणूस त्यांच्या छातीत काजळी कशी घालेल? पण काळा धूर हा बहुतेकदा वयापेक्षा हयगयीचा असतो. गळका नोझल, तुंबलेला एअर फिल्टर, जास्त डिझेल सोडणारा पंप. पीयूसीच्या चाचणीत ट्रॅक्सच्या काळच्या डिझेल गाडीला धुराच्या दाटपणाची ६५ हार्ट्रिज ही मर्यादा आहे. नोझल आणि पंप ठीक असले की माझी गाडी तिच्या बरीच खाली राहते. एप्रिल २०२०पासून देशभर मिळणारं डिझेल पूर्वीपेक्षा खूप स्वच्छ आहे, त्यात गंधक दहा लाखांत दहा भाग एवढंच उरलं आहे, आणि त्याचा फायदा जुन्या इंजिनांच्या धुरालाही होतो. तरीही नव्या गाडीइतकी ती स्वच्छ होणार नाही. म्हणूनच ती पुण्याच्या गर्दीत मी विनाकारण नेत नाही. गाडीचं वय बघून तिला रस्त्यावरून काढण्यापेक्षा तिचा धूर मोजावा, कडक मोजावा, आणि नापास झाली तर थांबवावी, असं माझं मत आहे.

कारण गाडीबरोबर आणखी काही भंगारात जातं. अण्णांकडे आता मुलं कमी येतात. जी येतात ती स्कॅनर लावून दोष वाचायला शिकतात, तेही शिकायलाच हवं. पण कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून सिलिंडर ओळखणं हे जुनी गाडी दारात उभी असेल तरच शिकता येतं. भोर-वेल्ह्यासारख्या भागात, जिथे रात्री केळदच्या रस्त्यावर ट्रॅक्टर बंद पडला तर पुण्याहून कोणी येणार नाही, तिथे ही विद्या चैन नाही.

तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या अंगणात, गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली अशी एखादी ट्रॅक्स किंवा जीप उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी दोन कामं करा. गावातल्या जुन्या मिस्त्र्याला बोलावून तिचे नोझल आणि पंप तपासून घ्या, आणि नोंदणीची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा. एप्रिल २०२२पासून ही फी वाढली आहे आणि उशिराचा दंड वेगळा लागतो. मिस्त्र्याकडे जाताना घरातल्या एखाद्या मुलाला बरोबर न्या, आणि प्रायमर त्याच्या हातात द्या.