गडग्याखालची वाट

मृग लागला की कोकणातल्या परसात कोण कुठून येईल याचा नेम नसतो. वैशाखभर जांभ्याच्या कपारीत दडून राहिलेले खेकडे थेट पडवीपर्यंत येतात. वाळवीला पंख फुटतात आणि सकाळी दिव्याखाली त्या पंखांचा सडा पडलेला असतो. व्हाळाला पहिलं तांबडं पाणी आलं की चढणीचे मासे उलटे वर निघतात आणि रात्रभर बॅटऱ्यांचे झोत पाण्यावर हलत राहतात. याच दिवसांत एखाद्या पहाटे अळवाच्या वाफ्यातला ओला, चपटा, हिरवट-तपकिरी दगड आपल्या डोळ्यांदेखत हलतो. त्याच्या एका टोकातून लांब मान बाहेर येते. मानेच्या शेवटी नळीसारखं बारीक नाक असतं. ते हवेत वर धरून कासव थोडा वेळ थांबतं आणि मग पुढे चालू लागतं.

हे गोड्या पाण्यातलं मऊ पाठीचं कासव. कासव म्हटलं की डोळ्यांसमोर येणाऱ्या कठीण ढाली याच्या पाठीवर नसतात. आत हाडांचं कवच असतं आणि त्याच्यावर गुळगुळीत कातडी ताणून बसवलेली असते. पोटाच्या बाजूला मागच्या पायांपाशी कातडीचे दोन पडदे असतात. घाबरलं की ते पाय आत ओढतं आणि वरून पडदे मिटून घेतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञासाठी कासवाचा दृष्टान्त आला आहे, तो इतका नेमका दुसऱ्या कुठल्या प्राण्यात पाहायला मिळेल असं मला वाटत नाही. कोकणात आणि घाटात कधीकधी दुसरंही एक कासव परसात येतं. ते काळपट, कठीण पाठीचं, पाठीवर लांबीच्या दिशेने तीन कंगोरे असलेलं. ते बहुधा रात्रीचं हिंडतं, म्हणून कमी दिसतं.

कासव दिसलं की घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो: बिचारं वाट चुकलं. आणि मग त्याला वाचवायची घाई सुरू होते. कोणी बादली आणतं, कोणी भाकरीचा तुकडा, कोणी फोन घेऊन फोटोसाठी वाकतं. पण हे कासव वाट चुकलेलं नसतं. उन्हाळ्यात व्हाळ आटला, शेततळ्याचा तळ भेगाळला, तेव्हा ते चिखलात खोल शिरून निपचित पडून होतं. पावसाने चिखल सैल झाला तसं ते वर आलं आणि आता भरलेल्या शेतांकडे, कोंडीकडे निघालं आहे. कधी ती मादी असते आणि अंडी घालायला मऊ, पाणी न तुंबणारी माती शोधत असते. कासवांचं कूळ या पृथ्वीवर २० कोटी वर्षांहून जुनं आहे. आपलं घर, आपली अळवाची आळी, आपला माड त्याच्या वाटेत अलीकडे आला.

शेजारच्या काकींनी हे मला फार थोड्या शब्दांत सांगितलं होतं. आम्ही मुलं कासवाला टोपलीखाली झाकून ठेवायच्या बेतात होतो. भात लावून आलेल्या काकी चिखलाच्या पायांनीच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगो, खंय नेतंस तेका? तेका वाट म्हायत आसा." एवढं बोलून त्या पाय धुवायला गेल्या.

त्या वेळी वाट होतीही. आगराभोवती गडगा असायचा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते जांभ्याचे दगड एकावर एक रचलेले. त्याला जागोजागी भोकं असत, पावसाचं पाणी जायला पन्हळी असत. त्यांतून मुंगूस जाई, विरोळा जाई, कासवही जाई. आता गावोगावी गडग्याच्या जागी चिऱ्यांची सिमेंटने सांधलेली कंपाउंडं उभी राहिली आहेत. आत पेव्हर ब्लॉक घातले आहेत. गेटाखालच्या फटीलासुद्धा पत्रा ठोकलेला असतो. अशा आवारात एकदा आत आलेलं कासव भिंतीला नाक लावून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फेऱ्या मारत राहतं. वर ऊन चढतं, कुत्रा भुंकू लागतो, आणि आपल्याला वाटतं की ते वाट चुकलं. मला याचं वाईट वाटतं, आणि रागही येतो. भिंत आपण घालतो आणि चुकलेलं मात्र ते ठरतं.

म्हणून परसात कासव दिसलं तर पहिलं काम कुत्र्याला बांधण्याचं आणि मुलांना चार हात लांब उभं करण्याचं. दुसरं काम गेट उघडं ठेवण्याचं. बाहेर रहदारीचा रस्ता नसेल तर तिसरं काम बहुतेक वेळा उरतच नाही. माणसं मागे सरली की मान पुन्हा बाहेर येते आणि ते आपल्या दिशेने चालू लागतं. मुलांना हे पाहू द्यावं. हात न लावताही कासव किती तरी दिसतं. त्याला भाकरी, भात, दूध यांतलं काही देऊ नये. त्याचं जेवण म्हणजे गोगलगाई, बेडूक, मासे, किडे, पाणवनस्पती, मेलेलं जनावर. ते त्याचं ते शोधतं.

उचलावं लागतं ते अडचणीच्या वेळी. ते उघड्या हौदात पडलेलं असतं, शोषखड्ड्याच्या कड्यांत अडकलेलं असतं, किंवा रस्त्याच्या मधोमध थांबलेलं असतं. मऊ पाठीच्या कासवाची मान दिसते त्याहून बरीच लांब असते आणि ती वळून कवचाच्या कडेपर्यंत येते. चावा जोरकस असतो. तेव्हा तोंडाच्या बाजूने हात घालू नये. मागच्या पायांजवळ कवचाच्या दोन्ही कडा दोन हातांनी धराव्यात आणि जमिनीपासून फार वर न नेता आडवंच उचलावं. पाय झाडताना ते हातातून निसटतं आणि उंचावरून पडलं तर आतलं हाड फुटतं. शेपटीला धरून लोंबकळवू नये, ती पाठीच्या कण्याचाच भाग आहे. उलटं तर कधीच ठेवू नये. आपल्या बरगड्या श्वासाबरोबर हलतात, कासवाच्या बरगड्या कवचात जखडलेल्या असतात. ते पायांजवळच्या आणि पोटाच्या स्नायूंनी श्वास घेतं. उताणं पडल्यावर पोटातला सगळा भार फुप्फुसांवर येतो.

न्यायला घमेलं पुरतं. तळाला ओलं फडकं, वरून एक गोणपाट. पाण्याने भरलेली बादली नको. पाण्यातलं जनावर म्हणून आपण मायेने तिच्यात सोडतो खरं, पण उभ्या गुळगुळीत बादलीत टेकायला जागा नसते, आणि दमलेलं कासव पाण्यातही बुडून मरतं. सोडायचं ते सापडलं त्या जागेजवळच्या पाण्याच्या कडेला. रस्ता ओलांडत असेल तर त्याचं तोंड ज्या बाजूला होतं त्याच बाजूला. गाडीत घालून दूरच्या मोठ्या धरणात सोडणारी माणसं भली असतात. पण त्या कासवाला तिथली लपण्याची जागा ठाऊक नसते, उन्हाळ्यात कुठल्या चिखलात शिरायचं हेही ठाऊक नसतं. आणि हे सगळं झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याला त्यांचा त्रास नसतो, आपल्याला मात्र जुलाब-तापाने आडवं करतात, लहान मुलांना अधिक.

जखमी कासवाची गोष्ट वेगळी. काजूच्या बागेत ग्रासकटर फिरतो, शेतात पॉवर टिलर उतरतो, रस्त्यावर डंपर धावतात. कवच फुटलं की लोक त्याला मडकं फुटल्यासारखं समजतात. कोणी फेव्हिक्विक ओततं, कोणी हळद भरतं. कवच म्हणजे जिवंत हाड आहे, पाठीचा कणा आणि बरगड्या मिळून झालेलं. त्यात रक्त वाहतं, त्याला दुखतं. स्वच्छ कोरड्या फडक्यात गुंडाळून, पाण्याबाहेर, खोक्यात अंधारात ठेवावं आणि वनविभागाला कळवावं. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. फुटलेल्या कवचाची कासवं योग्य उपचारांनी बरी होतात, फक्त ती माणसांपेक्षा फार सावकाश बरी होतात.

मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती कासव आवडणाऱ्या माणसांची. विहिरीत कासव असलं की पाणी निवळ राहतं, म्हणून ते विहिरीत सोडायची चाल जुनी आहे. जुन्या विहिरींना पायऱ्या होत्या, कपारी होत्या. आताच्या सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीत कासवाला उन्हाला बसायला वीतभर जागा नाही, मादीला अंडी घालायला मूठभर माती नाही. ते तिथे वर्षानुवर्षं जगतं, म्हणून आपल्याला वाटतं की ते सुखात आहे. कोणाला कासव लक्ष्मीसाठी हवं असतं. कोणी वीस नखांचं कासव शोधत असतो, त्याने पैशांचा पाऊस पडतो म्हणे. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीनच नखं असतात. बारा नखांच्या या जिवाला वीस नखांच्या अफवेपायी पोत्यात भरून नेलं जातं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन वर्षांची कैद आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. डोळ्याच्या मागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव दिसलं तर ते इथलं नव्हे. ते उत्तर अमेरिकेतलं, दुकानातून नाण्याएवढं आणलेलं, मोठं झाल्यावर कोणीतरी देवळाच्या तळीत सोडलेलं. ते व्हाळात सोडू नये, आपल्या कासवांच्या तोंडचा घास ते खातं. त्याच्यासाठीही वनविभागालाच विचारावं.

आपल्या संतांनी कासवीच्या नजरेचं फार कौतुक केलं आहे. ती दुरून पाहते आणि तिच्या दृष्टीनेच पिल्लं पोसली जातात, असं ते सांगतात. खरी कासवी अंडी घालते, मागच्या पायांनी माती सारखी करते आणि निघून जाते. पिल्लांना ती पुन्हा भेटत नाही. अंडी कित्येक महिने त्या मातीत राहतात. म्हणजे तेवढे दिवस ती माती ज्याची आहे, त्याची नजर त्यांना पुरावी लागते. वाफा खणताना पांढरी गोल अंडी लागली तर ती उचलू नयेत, फिरवू तर मुळीच नयेत. आतला जीव कवचाला एका बाजूने चिकटलेला असतो, अंडं उलटं झालं तर तो मरतो. माती परत सारावी आणि भोवती चार काटक्या रोवून त्या वर्षी तेवढा तुकडा सोडून द्यावा. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखायला गाव उभं राहिलं, त्याचा उत्सव झाला, लांबून माणसं पाहायला आली. परसातल्या कासवासाठी असं काही होणार नाही. त्याला एक घर पुरे आहे.

या पावसाळ्याआधी तेवढं करा. गोगलगाईंसाठी विषाच्या गोळ्या टाकू नका. गोगलगाई संध्याकाळी हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाकता येतात, आणि काही कासव खाईल. हौदात एक खरबरीत फळी तिरकी लावून ठेवा. आणि कंपाउंड बांधत असाल तर गवंड्याला सांगून जमिनीलगत, व्हाळाच्या बाजूला, वीतभर उंच आणि हातभर रुंद अशी एक फट सोडायला लावा. त्याला वेगळा खर्च येत नाही.