पांझरेकाठचा अर्जुन

धुळ्याहून साक्रीकडे जाणारा रस्ता पांझरेच्या खोऱ्यातून जातो. बळसाण्याच्या विमलनाथ तीर्थाकडे निघालेल्या यात्रेकरूंना तो परिचित असतो. ओढ्याकाठचा अर्जुन मात्र सहसा नजरेतून निसटतो. फाल्गुनात पाने झडली की त्याचे गुळगुळीत, राखट पांढरे खोड दुरूनही उठून दिसते.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलीत टॅक्सोडियम नावाचा वृक्ष वाढतो. सूचिपर्णी असूनही तो हिवाळ्यात पर्णहीन होतो आणि पाण्यात उभा राहूनही कुजत नाही. हौसेने त्याचे रोप आणणाऱ्यांनी खानदेशचा कोरडा उन्हाळा ध्यानात घ्यावा. ओल्या काठाचे ते काम येथे अर्जुन करतो. पांझरेवरील फड पद्धतीचे जुने बंधारे आणि पाट जेथे वाहते राहिले आहेत, तेथे त्याच्या मुळांना ओल मिळते.

लागवड अवघड नाही. पाच पंखांचे वाळलेले फळ भिजवून पावसाळ्याच्या तोंडी पेरावे. अंकुर फुटण्यास काही आठवडे लागतात. मुदत ठेवीचा संयम येथेही हवा. कोवळे रोप गुरांपासून जपावे.

मोठ्या झाडांची चिंता निराळी. हृदयविकारावरील औषधी म्हणून त्यांची साल बाजारात येते. खोडाभोवतीचे पूर्ण कडेच सोलले, तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळते. एका बाजूने, उभ्या पट्ट्यात काढलेली साल मात्र पुन्हा भरून येते. काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याने भावाबरोबर हेही विचारून घ्यावे.