गोळी न देण्याची तालीम

औषधांना न जुमानणारे जंतू कसे तयार होतात, हे तलासरीत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात मला फारसं शिकवावं लागलं नाही. सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, नर्सिंग शिकून आलेले, फार्मासिस्टला औषधं माझ्यापेक्षा जास्त पाठ. २०१९ साली जगात या जंतूंमुळे थेट सुमारे १२.७ लाख माणसं दगावली असा अंदाज आहे. ही स्लाइड दाखवली तेव्हा कुणी मानही वर केली नाही. घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

एक एएनएम ताई उठून म्हणाल्या, "मॅडम, सर्दीला अँटिबायोटिक नको हे आम्हाला ठाऊक आहे. पण बाई पोर कडेवर घेऊन पाड्यावरून चालत येते, रोज बुडवून. तिला पाणी पाज, अंग पूस म्हणून रिकाम्या हाताने कशी धाडू? ती हायवेला जाऊन सुई मारून घेईल." सगळे हसले. त्यांच्या रोजच्या ओपीडीतलीच गोष्ट होती ती. इथली माणसं सकाळी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात, दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर निघतात. 'तीन दिवसांनी दाखवायला या' हे त्यांना सांगून काय उपयोग?

मग दुपारचं सत्र मी गुंडाळलं आणि गोळी न देता माणसाला परत पाठवायची तालीम सुरू केली. आशाताई पेशंट झाल्या. एकीने तर "डॉक्टर, पॉवरच्या दोन तरी द्या ना" म्हणत असा पिच्छा पुरवला की एक तरुण सीएचओ खरोखरच हरला.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात दीड वर्षाचं पोर आलं. नाक वाहतंय, खोकतंय. त्याच सीएचओने अंगडं वर केलं, पोर आईच्या मांडीवर शांत होईपर्यंत थांबला आणि मोबाइलवर पूर्ण मिनिट श्वास मोजले. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, हे कालच सांगितलं होतं. आईची नजर पोराच्या पोटावरून हलत नव्हती. छत्तीस. या वयात चाळीस किंवा जास्त भरले तर न्यूमोनिया धरायचा, अमॉक्सिसिलिन द्यायचं. छाती आत ओढली जात नव्हती. "ताई, असं पोट भराभर उडायला लागलं, पोर दूध घेईना, तर रात्रीसुद्धा घेऊन या," म्हणत त्याने तिचाच हात पोराच्या पोटावर ठेवला. तिने गोळी मागितली नाही. एवढं नीट कुणी तपासलं की पेशंटचा अर्धा हट्ट तिथेच संपतो, असं माझं मत आहे. पण शंभराच्या ओपीडीत हे मिनिट काढायचं कुठून, ते मला विचारू नका.

औषध दुकानदारांचं गणित आणखी निराळं. २०१४ पासून काही अँटिबायोटिक्ससह शेड्यूल एच-१ यादीतल्या औषधांसाठी रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून. पण मजूर पाच दिवसांचा कोर्स घेतो कुठे? पट्टीतून दोन गोळ्या कापून मागतो, तेवढेच पैसे खिशात असतात.

निघताना फार्मासिस्टने गाठलं. "जुलाबाला ओआरएस आणि १४ दिवस झिंक, कबूल. पावसाळ्यात झिंक संपलं आणि कपाटात नुसतं सिप्रो हे अँटिबायोटिक उरलं, तर?" माझ्या स्लाइड्समध्ये याचं उत्तर नव्हतं. पुढच्या खेपेला औषधांची मागणी नोंदवणाऱ्यांनाही वर्गात बसवा, असं मी अहवालात लिहिलं.