ताऱ्याने सुरू होणाऱ्या ओळी



विश्वस्त मंडळाच्या मागील बैठकीत असे ठरले, की शाळेचा निकाल तयार करणारा जुना प्रोग्राम आता निवृत्त करावा आणि सगळ्या नोंदी नव्या प्रणालीत न्याव्यात. निर्णय योग्य आहे आणि आम्हीही त्याला संमती दिली. तो प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला आहे. त्या भाषेची शेवटची आवृत्ती २००४ साली निघाली आणि २०१५ साली तिचा पाठिंबाही थांबला. ज्या विंडोज एक्सपीवर तो चालतो, तिचा पाठिंबा तर २०१४ सालीच संपला. यंत्राचा पंखा घरघर करतो, आणि सुटा भाग हवा असला तर बालाघाटच्या दुकानदाराला जुने यंत्र फोडून काढावा लागतो. तरी हा प्रोग्राम कसा तयार झाला आणि तो बंद करताना त्यातले काय सोबत न्यायचे, हे पत्रिकेत लिहून ठेवावे असे आम्हाला वाटले. तो आमच्या धाकट्या भावाने लिहिला होता. तो आता नाही.

जुन्या पालकांना तो आठवत असेल. याच शाळेत शिकला, इथल्याच मैदानावर गुडघे फोडून घेतले. आमचे वडील भरवेलीच्या खाणीत, लॅम्परूममध्ये होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराला नंबराची बत्ती द्यायची आणि पाळी सुटली की ती परत घ्यायची, हे त्यांचे काम. एखाद्या नंबराची जागा रिकामी राहिली तर तो माणूस अजून खाली आहे असे समजायचे, आणि तो वर येईपर्यंत घरी यायचे नाही. वडील जेवायला बसले की आई विचारायची, "सगळे आले का वर?" हा प्रश्न आमच्या घरात रोजचाच होता. त्यात काही विशेष आहे असे आम्हा मुलांना कधी वाटले नाही.

१९९८ साली तो नोकरीसाठी पुण्याला निघाला. तेव्हा बालाघाटहून गोंदियाला छोटी लाईन होती. तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस. पहिलेच काम त्याला 'वाय टू के'चे मिळाले. आजच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसेल. जुन्या संगणकांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत, त्यामुळे ९९ नंतर ०० आले की यंत्र त्याला १९०० समजेल अशी भीती होती. हजारो ओळी वाचायच्या आणि जिथे जिथे तारीख आहे तिथे दुरुस्ती करायची, असे काम त्याने दीड वर्ष केले. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र ऑफिसात काढली. सकाळी फोन आला, "काही झाले नाही." आई म्हणाली, "काहीच झाले नाही, तर मग इतके दिवस पगार कशाचा घेतलास?" तो म्हणाला, "काही होऊ नये याचाच."

आमच्याकडे पालक येतात आणि म्हणतात, मॅडम, मुलाला कॉम्प्युटरला घालायचे आहे, एसीत बसून काम असते. एसी असतो, हे खरे. पण आमच्या भावाचा दिवस दुपारी सुरू होई, कारण ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांची सकाळ म्हणजे याची संध्याकाळ. रात्री बारापर्यंत फोन. दिवाळीला घरी आला तरी नेटवर्कसाठी गच्चीच्या एका कोपऱ्यात उभा राहून इंग्रजीत समजावत असे, आणि खाली ओवाळणीचे ताट थंड होत असे. तो म्हणायचा, "ताई, दोन तास लिहितो आणि सहा तास लिहिलेले का चालत नाही ते शोधतो. शेवटी कुठेतरी एक स्वल्पविराम सापडतो." पाठ दुखायची, डोळे दुखायचे. ज्या मुलाला गणित चुकल्यावर वही फेकावीशी वाटते, त्याने या धंद्यात जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. गुण कितीही असोत.

निकालाचा प्रोग्राम त्याने २००३ च्या दिवाळीच्या सुट्टीत लिहायला घेतला. तोपर्यंत शिक्षक रात्री जागून बेरजा करीत आणि अंकसूची हाताने लिहीत. पहिल्याच वर्षी गंमत झाली. वर्गाची यादी छापून आली ती अशी: कमल, मनोज, किरण, रमेश, सचिन, अनिल, गणेश. वर्गशिक्षक म्हणाले, अनिल सचिनच्या खाली कसा गेला? भाऊ हसला आणि त्याने सगळ्यांना जवळ बसवून सांगितले.

त्या वेळी आपल्याकडे सगळे टंकन कृतिदेवमध्ये होई. हा फॉण्ट टंकलेखनयंत्रावर हात बसलेल्या लोकांसाठी सोयीचा. पण त्यात यंत्राच्या पोटात मराठी किंवा हिंदी अक्षर नसतेच. तिथे असतात इंग्रजी कळा, आणि फॉण्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. 'क' म्हणजे डी, 'म' म्हणजे ई, 'अ' म्हणजे व्ही. पहिली वेलांटी म्हणजे एफ, आणि ती अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधीच टंकायची. म्हणून यंत्राच्या दृष्टीने 'किरण' हे नाव एफने सुरू होते आणि 'अनिल' व्हीने. बिचाऱ्या यंत्राने आपल्या परीने एबीसीडी बरोबर लावली होती. भावाने मग प्रत्येक नावामागे एक लपलेला रकाना ठेवला आणि त्यात अक्षराचा खरा क्रम आकड्यांत लिहिला. तेव्हापासून आमचा अनिल पहिला आला, यादीत तरी.

यावर कायमचा उपाय युनिकोड, हे त्याने तेव्हाच सांगितले होते. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, फॉण्ट कोणताही असो. ही सगळी कामे आपल्या माणसांनी किती केली, हे सांगताना त्याला उत्साह येई. कानपूरच्या आय.आय.टी.त मोहन तांबे यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे 'जिस्ट'चे काम केले आणि ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. सी-डॅक १९८८ साली स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथेच १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा फॉण्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला. जोशी २००८ साली गेले. पण सरकारी पत्र असो की रेल्वेचे तिकीट, त्यांच्या हाताचे वळण आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेले असते.

आता 'ळ' विषयी. आमच्या आडनावात ळ आहे. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा भंडारा तिकडे गेला आणि बालाघाट इकडे राहिला. तेव्हापासून आपल्या मराठी घरांत ळ बोलला जातो आणि कागदावर ल लिहिला जातो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी ळ, शाळेत ल, याची आम्हाला इतकी सवय झाली होती की त्यात खटकण्यासारखे काही आहे हे भावानेच दाखवून दिले. कांबळेंचे कांबले, गवळींचे गवली, बाळकृष्णचा बालकृष्ण. हिंदी ही आपली शिक्षणाची भाषा आहे, तिच्याशी भांडण नाही. पण नाव हे ज्याचे त्याचे असते. इनस्क्रिप्ट कळपट्टीवर ज्या कळीवर ल आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली की ळ उमटतो. "एवढेच अंतर आहे, ताई," तो म्हणायचा.

खरी अडचण पुढे झाली. नाव देवनागरीतून इंग्रजीत जाते, तिथे ळ आणि ल दोन्हींचा 'एल' होतो. मग एखादी प्रणाली ते इंग्रजीतून आपोआप देवनागरीत आणते, आणि परत येतो तो फक्त ल. गेलेला ळ कुठे पडला हे कोणालाच कळत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो पुण्यात रुग्णालयात होता. आम्हाला जाता आले नाही. शेवटचा फोन आला तेव्हा त्याला धाप लागत होती, आणि तो बोलत होता आमच्या निकालाबद्दल. त्या वर्षी परीक्षा नेहमीसारख्या झाल्या नव्हत्या. गुण न भरता प्रोग्राम चालवला तर तो प्रत्येकापुढे 'गैरहजर' छापतो. "ताई, सगळी शाळा गैरहजर छापून येईल. घरी गेलो की बदलतो. तोवर चालवू नका." आम्ही म्हटले, निकालाचे राहू दे, तू आधी बरा हो. त्या वर्षीचा निकाल आम्ही शिक्षकांनी हाताने लिहिला.

त्यानंतरचे सहा महिने कागदांचे होते. एका दाखल्यावर आडनाव ळचे, दुसऱ्यावर लचे. एका कार्यालयाने आमच्या वहिनीला विचारले, हे दोन्ही गृहस्थ एकच कशावरून? तिला स्टॅम्प पेपरवर शपथपत्र द्यावे लागले की दोन्ही नावे माझ्याच पतीची आहेत. बँकेचे ओटीपी त्याच्याच मोबाईलवर येत, आणि त्याचा मोबाईल त्याच्याच बोटाने उघडत असे. ज्याने आयुष्यभर इतरांची कुलुपे दुरुस्त केली, त्याच्या घरच्यांना कुठलेच कुलूप उघडेना. प्रत्येक घरात महत्त्वाची खाती, नामांकन आणि पासवर्ड एका वहीत लिहून ती वही दोघांना तरी ठाऊक असावी, एवढे आम्ही पालकांना आग्रहाने सांगतो.

२०२५ साली नवे सत्र सुरू करताना प्रोग्रामने वर्ष स्वीकारले नाही. खिडकीत वर्षांची यादी २०२४-२५ ला संपत होती. आमच्या संगणक शिक्षकांनी आणि अकरावीच्या एका विद्यार्थिनीने तो उघडून पाहिला. फॉक्सप्रोमध्ये जी ओळ ताऱ्याच्या चिन्हाने सुरू होते ती यंत्र वाचत नाही. ती पुढे येणाऱ्या माणसासाठी असते. अशा ओळी त्याने जागोजागी लिहून ठेवल्या होत्या, रोमन अक्षरांत पण मराठीत. मुलगी एकेक वाचून दाखवू लागली.

"वर्गात दोन किरण आहेत. नावावरून शोधू नका, स्कॉलर नंबरवरून शोधा."

"गैरहजर म्हणजे शून्य नाही. ही ओळ पुसू नका." ही पहिल्या वर्षीची आठवण. एका मुलाला गणिताच्या पेपरच्या दिवशी मलेरिया होता आणि यंत्राने त्याला शून्य देऊन नापास केले होते. भावाने रात्रीतून ते बदलले होते.

"हे का चालते मला कळलेले नाही, पण चालते. हात लावू नका." इथे सगळे हसले.

निकाल छापण्याच्या अगदी आधी एक तपासणी आहे. सुरुवातीला किती विद्यार्थी घेतले आणि शेवटी किती उरले, हे जुळले नाही तर प्रोग्राम तिथेच थांबतो. त्याच्यावर लिहिले होते, "बाबांचा नियम. जेवढे खाली गेले तेवढे वर आले पाहिजेत."

आणि वर्षांच्या यादीपाशी, "सध्या एवढी वर्षे पुरतील. पुढची मी स्वतः येऊन वाढवीन."

ती मुलगी वाचता वाचता थांबली. तिला कोणी सांगितले नव्हते. थोड्या वेळाने आम्हीच म्हटले, वाढव. तिने पुढची पाच वर्षे घातली, त्याची ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली एक तारा काढून आजची तारीख आणि आपले नाव लिहिले.

आता तर साध्या मराठीत सांगितले तरी यंत्रच प्रोग्राम लिहून देते, असे विद्यार्थी आम्हाला दाखवतात. देत असेल. पण गैरहजर आणि शून्य यांतला फरक त्याला कोणीतरी सांगावा लागेल, आणि सांगणाऱ्याला तो आधी माहीत असावा लागेल. नव्या प्रणालीच्या लोकांना आम्ही त्या सगळ्या ओळींची प्रत काढून दिली आहे. त्यांना ती जरा विचित्र वाटली असावी.

नोंदी कृतिदेवमधून युनिकोडमध्ये नेण्याचे काम सध्या चालू आहे. यात वेलांट्या आणि रफार जागा सोडून बसतात, म्हणून प्रत्येक नाव डोळ्यांनी तपासावे लागते. नावांची यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावली आहे. पालकांनी ती पाहावी. ज्यांच्या घरी ळ बोलला जातो पण आजवर कागदावर ल आहे, त्यांनी पाल्याचा जन्मदाखला घेऊन यावे. दाखल्यातच ल असेल तर आधी काय करावे लागेल ते कार्यालयातले बाबूजी सांगतील. यादीच्या खाली दोन संख्या लिहिल्या आहेत, एक जुन्या प्रोग्राममधली आणि एक नव्या प्रणालीतली. हे लिहीपर्यंत नवीत दोन नावे कमी भरत आहेत. ती सापडेपर्यंत जुने यंत्र बंद होणार नाही.